घरातला रेडॉन, डबीतला गायगर आणि दोन तापमापक

दोन वर्षांपूर्वी आम्ही डर्बीशायरमध्ये घर घ्यायचं ठरवलं. चुनखडीच्या टेकड्यांमधलं जुनं दगडी घर, खाली दोन खोल्या आणि वर तीन. इंग्लंडमध्ये घर घेताना वकील स्थानिक कौन्सिलकडून बरीच माहिती मागवतात. समोरचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, शेजारी काही बांधायची परवानगी दिली आहे का, वगैरे. आमच्या अहवालाच्या शेवटच्या पानांवर एक ओळ होती: ही मालमत्ता रेडॉनबाधित क्षेत्रात येते. वकिलांना विचारलं तर "इकडे सगळ्यांचंच असं येतं" म्हणून त्यांनी पुढचा कागद सहीला पुढे केला.

माझं संशोधन अर्धवाहकांवर आहे. किरणोत्साराशी रोजचा संबंध नाही, पण घरात सोल्डरिंग आयर्न आहे आणि सुटे भाग जमवायची खोड आहे. म्हटलं, आपणच मोजू की! एक गायगर काउंटर जोडला. आधीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मिनिटाला साधारण २१ टिका येत होत्या. नव्या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी डबी बैठकीच्या खोलीत ठेवली. तिथे आल्या २२. नवरा म्हणाला, "बघ, काही नाही." मीही मान डोलावली.

मान डोलवायला नको होती. काउंटर उत्तम चालत होता, आकडाही बरोबर होता. पण रेडॉनबद्दलच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. हे कळायला तीन-चार महिने लागले, आणि त्या महिन्यांत मोजण्याबद्दल जे शिकले ते पीएचडी करताना शिकले नव्हते. तुमच्यापैकी कोणी घरी असा उद्योग करणार असाल (जरूर करा, फार मजा येते), तर माझ्या चुका तुम्हाला उपयोगी पडतील.

नळीत काय घडतं

या यंत्राचा जन्म इंग्लंडमधलाच. १९०८ साली मँचेस्टर विद्यापीठात अर्नेस्ट रदरफर्ड आणि हान्स गायगर यांनी अल्फा कण एकेक करून विजेच्या साहाय्याने मोजण्याची युक्ती शोधली. नाहीतर अंधारात बसून पडद्यावर उमटणाऱ्या बारीक ठिणग्या डोळ्यांनी मोजाव्या लागत. पुढे १९२८ मध्ये जर्मनीत कील इथे गायगर आणि त्यांचा विद्यार्थी वाल्थर म्युलर यांनी या नळीला आजचं रूप दिलं.

रचना साधी आहे. धातूची बंद नळी, आत कमी दाबाखालचा वायू, आणि मधोमध नळीच्या कवचाला न टेकणारी एक बारीक तार. तार आणि कवच यांच्यात काही शे व्होल्टचा फरक ठेवायचा. किरणोत्साराचा एखादा कण आत शिरून वायूच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो. तो इलेक्ट्रॉन तारेकडे धावताना वाटेत आणखी अणूंना धडकतो, त्यांतून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. डोंगरावरून एक दगड निसटावा आणि खाली पोचेपर्यंत दरड व्हावी, तसं. या दरडीचा विजेचा ठोका म्हणजे आपली 'टिक'.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. दगड लहान असो की मोठा, दरड तेवढीच कोसळते. त्यामुळे आलेला कण कोणता होता, त्याची ऊर्जा किती होती, हे गायगर नळी सांगू शकत नाही. कोणीतरी आलं, एवढंच ती सांगते. आणि जो कण कवच भेदून आत येऊच शकला नाही, त्याची तिला खबरही नसते.

मी वापरलेली नळी एसबीएम-२०. सोव्हिएत काळातली ही पोलादी नळी हौशी मंडळींमध्ये फार लोकप्रिय आहे. साधारण बोटभर लांब, लागणारा दाब ४०० व्होल्टच्या आसपास. पाच व्होल्टांचे चारशे करणारं छोटं सर्किट, तारेच्या टोकाशी पाचेक मेगाओमचा रोध, आणि ठोके मोजायला रास्पबेरी पाय पिको. हा पिको केंब्रिजच्या रास्पबेरी पायवाल्यांनी २०२१ मध्ये चार डॉलरला बाजारात आणला आणि आमच्यासारख्यांची चंगळ झाली. पिकोच्या पायाला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर घालायचा. आणि ४०० व्होल्ट म्हणजे ४०० व्होल्ट. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते. सर्किट डबीत बंद ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका.

पहिली फजिती इथेच झाली. नळीवरचा दाब नेहमीच्या मल्टिमीटरने मोजला तर तो २६५ दाखवू लागला. कमी पडतोय म्हणून मी स्क्रू फिरवून दाब वाढवत गेले, आणि एकाएकी नळी अखंड कर्कर करू लागली. झटकन बंद केलं म्हणून वाचली. घोटाळा असा होता: मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओम असतो. माझ्या पाच मेगाओमच्या रोधापुढे तो जोडला की दाबाची वाटणी होते आणि दोन-तृतीयांशच मीटरला दिसतो. म्हणजे दाब आधीच ४०० होता. तो कमी झाला होता माझ्या मोजण्यामुळे. मीटरच्या आधी एक गिगाओमचा रोध जोडला की भार हलका होतो. मग मीटरवरच्या आकड्याला १०१ ने गुणायचं.

टिका मोजायला धीर लागतो

काउंटर सुरू केला की पहिला मोह होतो तो मिनिटामिनिटाला आकडा बघण्याचा. १७, २४, १९, २८, २१... अठ्ठावीस आले की छातीत धस्स होतं. पण किरणोत्सार हा स्वभावानेच बेशिस्त आहे. कोणता अणू कधी फुटेल याचं वेळापत्रक नसतं. अशा घटना मोजताना होणारा चढउतार हा मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. एका मिनिटात २० टिका असतील तर त्यात चार-पाचांची वधघट अगदी नेहमीची. दहा मिनिटांत २०० असतील तर १४ ची, म्हणजे सात टक्के. तासाभरात १२०० असतील तर ३५ ची, म्हणजे तीन टक्के.

सरासरी २१ असताना एखाद्या मिनिटात ३१ किंवा त्याहून जास्त टिका येण्याची शक्यता दोन-अडीच टक्के असते. कमी वाटते ना? पण दिवसाची मिनिटं १४४०. म्हणजे रोज तीसेक वेळा हे होणारच. त्यात काहीही घडलेलं नसतं.

आता आमच्या २१ आणि २२ कडे बघा. दोन्हीकडे तास-तासभर मोजलं तर १२६० आणि १३२० टिका. फरक ६०, आणि त्या फरकातली अनिश्चितता ५०. यावरून दोन्ही घरं सारखी आहेत असं म्हणता येत नाही, वेगळी आहेत असंही म्हणता येत नाही. दिवसभर मोजलं तर फरक येतो १४४० आणि अनिश्चितता फक्त २५०. आता कुठे बोलायला जागा होते.

बऱ्याच तयार किटांवर टिकांच्या शेजारी मायक्रोसिव्हर्टमध्ये आकडा झळकतो. २१ टिकांना साधारण ०.१२ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास. हा आकडा मोजलेला नसतो, एका ठरलेल्या गुणकाने गुणलेला असतो. तो गुणक विशिष्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी काढलेला असतो. नळीवर पडणारे किरण तसेच असतील तर आकडा ठीक. नसतील तर तो नुसता शोभेचा.

आईचा टिपकागद

त्या उन्हाळ्यात आई नाशिकहून आली. दुसऱ्याच सकाळी म्हणाली, "अगं, हे रात्रभर काय टकटकतंय? मला वाटलं पाल चुकचुकतेय." मी समजावून सांगितलं. "म्हणजे आत्ता, या घरात, आपल्या अंगातून हे किरण जाताहेत?" हो. जमिनीतून, भिंतीतून, आकाशातून, आणि आपल्या शरीरातल्या पोटॅशियममधूनसुद्धा. "आणि हे आधीपासून होतं?" पृथ्वी झाली तेव्हापासून.

तिला आठवलं ते लहानपणच्या लग्नातल्या गॅसबत्त्यांचं. ही आठवण नेमकी होती. पूर्वीच्या गॅसबत्तीच्या जाळीला पांढरा झगझगीत प्रकाश यायचा तो थोरियम ऑक्साइडमुळे, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. हौशी मंडळी काउंटर तपासायला जुन्या जाळ्या शोधत असतात. मी तिच्या फंदात पडत नाही. जाळी ठिसूळ असते आणि ती भुकटी श्वासात जायला नको. स्वयंपाकघरातलं कमी सोडियमचं मीठ पुरतं. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. पुडीला नळी टेकवून तासभर ठेवली की टिकांची वाढ दिसते.

पण आईला खरी गंमत वाटली ती पावसाच्या प्रयोगाची. आठवडाभराच्या कोरड्या हवेनंतर एके दुपारी सर आली. मी तिला म्हटलं, छत्री घे आणि गाडीचं बॉनेट या टिश्यूने पुसून आण. ओला टिश्यू प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून नळीला टेकवला. मिनिटाला २१ च्या जागी ५८ टिका! अर्ध्या तासाने ४२. दोन तासांनी २५. संध्याकाळी चहाच्या वेळी पुन्हा २१. आई म्हणाली, "गेलं कुठे?"

हा प्रयोग माझा नाही. केंब्रिजमध्ये १९०२ साली सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ताजं पावसाचं पाणी गोळा करून ते झटकन आटवलं आणि तळाशी उरलेला अंश किरणोत्सारी असल्याचं दाखवलं. अर्ध्या तासात त्याचा जोर निम्म्यावर येत होता. पुढे क्लाउड चेंबरसाठी १९२७ चं नोबेल मिळालं, ते हेच विल्सन.

पावसात हे येतं कुठून, तर जमिनीतून. खडकांत आणि मातीत थोडंफार युरेनियम असतंच. ते टप्प्याटप्प्याने क्षय पावत जातं. त्यातला एक टप्पा रेडियम, आणि रेडियमनंतरचा टप्पा रेडॉन. बाकीची सगळी साखळी धातूंची. हा एकटा वायू, म्हणून तो खडकातून निसटून हवेत येतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. हवेत त्याचा क्षय झाला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ अशी अल्पायुषी अपत्यं जन्मतात. ती पुन्हा धातूची असल्यामुळे धुळीला चिकटतात, ढगातले थेंब त्यांना उचलतात आणि पाऊस त्यांना खाली आणतो. शिसं-२१४ चं अर्धायुष्य २७ मिनिटं, बिस्मथ-२१४ चं २० मिनिटं. दोघंही बीटा आणि गॅमा किरण सोडतात, आणि ते माझ्या नळीच्या पातळ पोलादी कवचातून आत जातात. म्हणून ५८ टिका, आणि म्हणून चहाच्या वेळेपर्यंत सगळं शांत.

त्या दिवशी रात्री मी जरा अस्वस्थ झाले. रेडॉन हवेत आहे, हे माझ्याच काउंटरने दाखवलं होतं. मग बैठकीच्या खोलीत त्याने काहीच का दाखवलं नव्हतं?

नळीला न दिसणारा पाहुणा

कारण पावसाने आकाशातल्या प्रचंड हवेतला माल गोळा करून माझ्या बॉनेटवर आणून ठेवला होता. खोलीत तसं कोणी करत नाही. घरातला रेडॉन मोजतात तो बेक्वेरेल प्रतिघनमीटरमध्ये. २०० बेक्वेरेल म्हणजे एका घनमीटर हवेत दर सेकंदाला रेडॉनचे २०० अणू क्षय पावतात. ही हवा खोलीभर पसरलेली, आणि रेडॉनच्या क्षयातून बाहेर पडतो तो अल्फा कण. अल्फा कण हवेत चार ते सात सेंटिमीटर जातो आणि साध्या कागदाने अडतो. माझ्या नळीचं पोलाद त्याच्यापुढे तटबंदीच. अपत्यांचे थोडे बीटा-गॅमा पोचतात, पण ते जमिनीतून, भिंतींतून आणि आकाशातून येणाऱ्या नेहमीच्या टिकांमध्ये हरवून जातात.

कागदाने अडणारा कण घातक कसा? कातडीवर पडला तर तो खरंच निरुपद्रवी, वरच्या मृत पेशींतच थांबतो. पण रेडॉनची अपत्यं श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन श्वासनलिकांच्या अस्तराला चिकटतात. तिथे मृत पेशींचा थर नाही. अल्फाची सगळी ऊर्जा काही मायक्रोमीटरच्या अंतरात, जिवंत पेशींमध्ये रिती होते.

सरकारी अंदाजानुसार ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे वर्षाला सुमारे १,१०० मृत्यू रेडॉनशी संबंधित आहेत. २००५ साली ऑक्सफर्डच्या सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी युरोपातले १३ अभ्यास एकत्र करून दाखवलं की रेडॉनची पातळी दर १०० बेक्वेरेलने वाढली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. धूम्रपान करणाऱ्याचा मूळ धोकाच मोठा असल्यामुळे त्याच्या बाबतीत ही वाढ फार भारी पडते. या देशातल्या सरासरी माणसाला वर्षभरात मिळणारा किरणोत्साराचा डोस २.७ मिलिसिव्हर्ट, त्यातला निम्मा एकट्या रेडॉनचा.

रेडॉन मोजायची सरकारमान्य पद्धत बघून मला हसूच आलं. तिथे ना बॅटरी, ना पडदा. यूके हेल्थ सिक्युरिटी एजन्सीकडून टपालाने दोन लहान डब्या येतात. आत एक प्लॅस्टिकचा तुकडा, ज्या प्लॅस्टिकच्या चष्म्याच्या काचा होतात तेच. एक डबी बैठकीत, एक झोपायच्या खोलीत, तीन महिने ठेवायची आणि परत पाठवायची. अल्फा कण त्या प्लॅस्टिकमध्ये घुसताना सूक्ष्म ओरखडा सोडतो. प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने ते ओरखडे मोठे करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. खर्च पन्नासेक पौंड.

ब्रिटिश घरांची सरासरी २० बेक्वेरेल. २०० च्या वर गेलं तर उपाय करा असा सल्ला आहे, आणि उपाय करताना १०० च्या खाली आणायचं उद्दिष्ट ठेवायचं. ज्या भागातल्या किमान एक टक्का घरांमध्ये पातळी २०० किंवा जास्त असण्याची शक्यता आहे, तो भाग रेडॉनबाधित. म्हणजे वकिलांचं म्हणणं अर्धं खरं होतं. आमच्या भागात पुष्कळ घरांच्या अहवालात ती ओळ येते, आणि बहुतेक घरांत काही निघतही नाही.

आमच्या घरात निघालं. खाली २९०, वर १७०. ऋतुमानाचा हिशेब धरून वर्षाची सरासरी २३०. पत्र हातात घेऊन मी काउंटरकडे बघितलं. तो मिनिटाला २२ टिका देत निवांत बसला होता. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि दिवसभर बैठकीतल्या गालिच्यावर खेळायची.

मग तापमान कशाला?

वर १७० आणि खाली २९०, हा फरक मला खुणावत होता. वायू जमिनीतून येतो हे कळलं, पण घरात ओढतं कोण? उत्तर आहे आपलं हीटिंग. आतली गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या फटींतून निसटते. तिची जागा भरायला खालून हवा आत ओढली जाते. आत १९ आणि बाहेर ३ अंश असतील तर दुमजली घराच्या तळाशी दाब बाहेरच्यापेक्षा एक-दोन पास्कल कमी होतो. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल असतो, त्यातले हे एक-दोन. पण चोवीस तास, अख्ख्या जमिनीवर. फरशीखालच्या भेगांतून मातीतली हवा वर येते आणि तिच्याबरोबर रेडॉन. घर म्हणजे एक मंद चूल आणि त्यावरचं धुराडं.

हे डोळ्यांनी बघायचं ठरवलं. सतत नोंद करणारा एक रेडॉन मापक विकत आणला. हौशी मंडळी उघड्या फोटोडायोडने अल्फा कण पकडतात, सर्नच्या शिक्षण विभागानेही तसा छान आराखडा केला आहे. पण त्यावरून बेक्वेरेल काढायला तपासणीची सोय लागते, ती माझ्याकडे नव्हती. मुलीच्या खोलीचा प्रश्न होता, तिथे मला माझी कलाकुसर नको होती.

तापमान मात्र घरीच. डीएस१८बी२० हा तीन पायांचा सेन्सर दोनेक पौंडांना मिळतो. एकाच तारेवर कितीही जोडा, प्रत्येकाचा पत्ता वेगळा असतो. अचूकता अर्धा अंश. मला दोन तापमानांतला फरक हवा होता, म्हणून दोघांना एकाच वेळी बर्फाच्या चुऱ्यात आणि पाण्यात बुडवून ठेवलं. नीट ढवळलेलं बर्फ-पाणी शून्य अंशावर असतं. एक ०.२ दाखवत होता, दुसरा उणे ०.१. ही तफावत वजा करायची नोंद करून ठेवली.

सेन्सर खोटं बोलत नव्हते, पण मी त्यांना नको तिथे बसवलं. आतला मी पिकोच्याच डबीत ठेवला, आणि तो सर्किटच्या उबेने खोलीपेक्षा तीन अंश जास्त दाखवू लागला. बाहेरचा दक्षिणेच्या भिंतीला लावला. फेब्रुवारीतल्या एका लख्ख दुपारी त्याने १९ अंश नोंदवले आणि मी तेव्हा बागेत टोपी घालून कुडकुडत होते. तो भिंतीचं आणि उन्हाचं तापमान मोजत होता. हा प्रश्न स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सन या दीपस्तंभ बांधणाऱ्या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात सोडवून ठेवला आहे: पांढरी पेटी, चहूबाजूंनी झिलमिल्या, हवा खेळती, ऊन आत नाही. ब्रिटनमधल्या हवामान केंद्रांत आजही तापमापक अशा पेटीत जमिनीपासून सव्वा मीटरवर असतो. मी कुंडीखालच्या पांढऱ्या बश्या उलट्या करून, मध्ये जागा सोडून एकावर एक बसवल्या. काम झालं.

सेन्सर कुठे बसवला आहे याची किंमत या देशाने फार मोठी मोजली आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये, आजच्या कंब्रियात असलेल्या विंडस्केलच्या अणुभट्टीत आग लागली. तिथलं ग्रॅफाइट न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ऊर्जा साठवत जाई, आणि ती ऊर्जा मोकळी करायला भट्टी अधूनमधून मुद्दाम तापवावी लागे. ७ तारखेला हे काम सुरू झालं. ८ तारखेला सकाळी तापमापक उतरते आकडे दाखवू लागले, म्हणून पुन्हा तापवलं. पण ते तापमापक नेहमीच्या कामकाजात जिथे सर्वाधिक उष्णता असते तिथे बसवलेले होते. या वेळची सर्वांत उष्ण जागा वेगळी होती आणि तिथे बघणारं कोणी नव्हतं. १० तारखेला आग उघडकीला आली. आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध किरणोत्सारी आयोडीनमुळे फेकून द्यावं लागलं. तिथले तापमापकही बिघडलेले नव्हते.

आलेख आणि पंखा

आमच्या घराचा तीन आठवड्यांचा आलेख काढला. आत-बाहेरच्या तापमानातला फरक आणि रेडॉन, दोन्ही रेषा बऱ्याच अंशी हातात हात घालून चालत होत्या. थंड, निवांत रात्री रेडॉन ४०० च्या पुढे; उबदार दुपारी खिडक्या उघडल्या की १०० च्या खाली. साथ पूर्ण नव्हती, वाराही आपलं काम करत होता. पण एक गोष्ट स्पष्ट झाली: दुपारी उघड्या खिडकीशेजारी तासभर मोजणाऱ्याला हे घर निर्धोक वाटेल, आणि पहाटे मोजणारा घर विकायला काढेल. तीन महिन्यांची सरासरी का घेतात, ते त्या आलेखाने मला पटवलं. जुन्या घराच्या फटी बुजवून, दुहेरी काचा लावून हीटिंगचं बिल कमी करताना हवेची ये-जा कमी होऊन रेडॉन वाढू शकतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

उपाय मात्र अवघड निघाला नाही. फरशीखाली बादलीभर खड्डा, त्यातून भिंतीबाहेर जाणारा पाइप, आणि मातीतली हवा ओढून छताच्या कडेच्या वर सोडणारा छोटा पंखा. घर जमिनीला ओढत होतं, त्याच्याआधी आता पंखा ओढतो. दीड दिवसाचं काम, हजार-दीड हजार पौंडांचा खर्च. पुन्हा तीन महिने डब्या ठेवल्या. सरासरी आली ६०.

आईने फोनवर विचारलं, "आपल्या नाशिकच्या घराचं काय मग?" सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरंच कमी असतं, आणि आपल्याकडे खिडक्या वर्षभर उघड्या. म्हणून नाशिक-पुण्यात वाढलेल्या आपल्या मंडळींना हा शब्द घर घेताना पहिल्यांदा भेटतो. कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये ग्रॅनाइट आहे, डर्बीशायरच्या भेगाळ चुनखडीतून वायूला वाट मिळते, नॉर्दम्प्टनशायरचे काही भागही नकाशावर गडद आहेत.

तेव्हा तुम्ही घर घेत असाल तर सरकारी रेडॉन नकाशा मोफत आहे, तो बघा. भाग बाधित असेल तर डब्या मागवा, आणि शेजाऱ्याचा आकडा आपला समजू नका. दोन लागून असलेल्या घरांतही फरक पडतो. गायगर काउंटर जरूर जोडा, पण पावसासाठी, मिठासाठी, मुलांना वर्गमूळ शिकवण्यासाठी. घरातल्या धूरसूचकात अमेरिशियम असू शकतं, ते काउंटरला खाऊ म्हणून उघडू नका. आणि भारतात जाताना आकाशातले किरण मोजायचा मोह झाला तरी तारा लोंबणारी घरगुती डबी विमानतळावर नेऊ नका, सुरक्षा तपासणीत तिची कैफियत देता देता विमान निघून जाईल.

आमचा काउंटर आता खिडकीत असतो, दिवसभराच्या टिका एका फाइलमध्ये लिहीत. पाऊस पडला की रेषा वर उचलते आणि संध्याकाळपर्यंत खाली येते. मुलगी सहा वर्षांची झाली आहे. परवा सर थांबल्यावर तीच टिश्यू घेऊन बाहेर धावली.